घरघर टायरची की बेअरिंगची?

चाकातून येणाऱ्या आवाजांमध्ये सर्वांत फसवी असते ती घरघर. ताशी चाळीसच्या आसपास ती कानावर पडू लागते, वेग वाढला की तिची पट्टी चढते आणि ऐंशीच्या पुढे मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो. गाडी गॅरेजमध्ये नेली की दोनपैकी एक निदान ठरलेलं असतं. एक तर ‘बेअरिंग गेलंय’, नाही तर ‘टायर संपलेत’. दोन्ही शक्य असतं. पण लाटालाटांनी झिजलेला टायर आणि आतून खडबडीत झालेलं हब बेअरिंग कानाला इतके सारखे लागतात, की वर्षानुवर्षं याच कामात असलेल्या मिस्त्रींचाही अंदाज चुकतो. मग चांगलं बेअरिंग काढून नवं बसवलं जातं, हजारो रुपये जातात आणि घरघर जागच्या जागी राहते. याच्या उलट घडतं ते जास्त वाईट. टायरचाच आवाज आहे असं समजून मालक महिनोन्महिने निकामी होत चाललेल्या बेअरिंगवर गाडी पळवत राहतो.

माझं म्हणणं साधं आहे. आवाज कसा आहे, यापेक्षा तो कशाने बदलतो हे पाहा, आणि कुठलाही भाग बदलायला होकार देण्याआधी चारही टायरांवरून हात फिरवा. पाच-दहा मिनिटांचं हे काम अनेक चुकीच्या दुरुस्त्या वाचवतं.

दोघांच्या आवाजात इतकं साम्य का, ते आधी पाहू. १७५/६५ आर १४ हा आपल्याकडच्या लहान मोटारींवर सर्रास दिसणारा आकार. त्याचा व्यास सुमारे ५८३ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण १.८३ मीटर. ताशी ६० किलोमीटरला असं चाक सेकंदाला नऊ फेऱ्या घेतं. टायरच्या नक्षीतला प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो, दबतो, सुटतो; खाचांमध्ये कोंडलेली हवा दर वेळी बाहेर फेकली जाते. सगळे ठोकळे एकाच लांबीचे असते तर नवा कोरा टायरसुद्धा एका सुरात केकाटला असता. म्हणून टायर बनवणारे मुद्दाम कमी-जास्त लांबीचे ठोकळे ठरावीक क्रमाने मिसळतात. आवाज अनेक सुरांत विखुरतो आणि आपल्याला नुसती सळसळ ऐकू येते. पुढे झीज वेडीवाकडी झाली, घेरावर उंच-सखल पट्टे पडले, की ही योजना मोडते. तेच उंचवटे दर फेरीला ठरावीक अंतराने आपटू लागतात आणि विखुरलेला आवाज पुन्हा एका भणभणीत गोळा होतो.

बेअरिंगमध्ये हेच वेगळ्या वाटेने घडतं. बाहेरच्या कड्यावर एखादा बारीक खड्डा पडला, तर बारा गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये चाकाच्या एका फेरीत साधारण पाच गोळ्या त्यावरून जातात, कारण गोळ्यांचा पिंजरा चाकाच्या निम्म्याहून थोड्या कमी वेगाने फिरतो. ताशी ६० ला सेकंदाला पंचेचाळीसच्या आसपास ठोके पडतात. टायर असो वा बेअरिंग, आवाजाची पट्टी चाकाच्या फेऱ्यांना बांधलेली असते आणि इंजिनाशी तिचा काही संबंध नसतो. वेग वाढला की दोन्हींचा आवाज वाढणार आणि कमी झाला की दोन्हींचा उतरणार, त्यामुळे वेगावरून फरक करता येत नाही.

फरक करायचा तर दुसरं काहीतरी बदलून पाहावं लागतं. सर्वांत सोपा बदल म्हणजे रस्ता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा बराचसा भाग काँक्रीटचा आहे आणि जुना महामार्ग डांबरी. टायरचा आवाज काँक्रीटवर चढतो आणि गुळगुळीत डांबरावर आल्याबरोबर पडतो. कधी कधी पूर्ण नाहीसा झाल्यासारखा वाटतो. बेअरिंगला रस्त्याच्या पृष्ठभागाचं फारसं सोयरसुतक नसतं. डांबर असो वा काँक्रीट, त्याची घरघर जवळजवळ तशीच राहते. नव्याने डांबर टाकलेला एखादा टप्पा घराजवळ असेल तर काच खाली करून, पंखा आणि रेडिओ बंद करून, एकाच वेगाने त्याच्या आधीचा आणि त्याच्यावरचा आवाज ऐकावा.

दुसरा बदल भाराचा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० च्या वेगाने हलकं डावीकडे वळा, मग उजवीकडे. डाव्या वळणावर गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. त्या वेळी घरघर वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली, तर संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर. उलट झालं तर डाव्या. टायरच्या आवाजात वळणाने इतका स्पष्ट फरक सहसा पडत नाही. ही कसोटी चांगली आहे, पण तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये. हब बेअरिंगमध्ये बहुधा गोळ्यांच्या दोन रांगा असतात आणि बिघाड नेमका कुठल्या रांगेत आहे त्यावर आवाज कधी उलट्या बाजूलाही झुकतो.

तिसरा बदल मला सर्वांत जास्त पटतो, कारण त्यात कानाच्या मताला जागाच उरत नाही: पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकायचे. आवाज टायरबरोबर मागे गेला तर दोष टायरचा. जागचा हलला नाही तर हबचा. टायरच्या दुकानात हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि एरवीही दर आठ-दहा हजार किलोमीटरला ते करायचंच असतं. नक्षीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर टायर त्याच बाजूला ठेवून पुढे-मागे करावेत.

याच अदलाबदलीतून एक गैरसमजही जन्माला येतो. ‘टायर पुढे-मागे केले आणि तेव्हापासून गाडी घरघरायला लागली,’ अशी तक्रार घेऊन अनेक जण दुकानदाराशी भांडतात. पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत मागचे टायर नुसते ओढले जातात. त्यांच्यावर भार कमी असतो आणि जोर लागतो तो फक्त ब्रेक मारताना. त्यामुळे त्यांच्या ठोकळ्यांची एक कड उतरते आणि दुसरी उभी राहते. हा आवाज मागे असताना डिकीच्या बाजूला विरून जात होता. टायर पुढे आला की तो थेट चालकाच्या पायाशी येतो. दुकानदाराने काही बिघडवलेलं नसतं. आधीपासून असलेली झीज तेवढी ऐकू येऊ लागलेली असते.

बेअरिंगचा संशय पक्का करायचा असेल तर चाक उचलावं लागतं. सपाट जागा, हँडब्रेक, बाकीच्या चाकांना उटी, आणि जॅकशिवाय खाली भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हात घालू नये. चाक उचललं की एक तळवा सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर अलगद टेकवावा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवावं. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंग निवांत असते. खराब बेअरिंगची खरखर मात्र स्प्रिंगमधून तळव्याला झिणझिण्यांसारखी जाणवते, कानाला ऐकू येत नसली तरी. शेजारच्या चांगल्या चाकाशी लगेच ताडून पाहावं, म्हणजे मनाचे खेळ होत नाहीत.

मग चाकाचा प्ले पाहायचा. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून चाक आत-बाहेर हलवावं. हललं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. दोघांतला कोण, हे कळायला कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर चाक आणि हब नकलशी, म्हणजे हब ज्यात बसतं त्या न फिरणाऱ्या भागाशी, जखडले जातात. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा होता, राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर खट्ट झालं तर टाय रॉड एंडकडे बघावं. एक लक्षात असू द्यावं, की घरघरणाऱ्या प्रत्येक बेअरिंगला प्ले असतोच असं नाही. प्ले येतो तो बराच पुढचा टप्पा आहे, आणि त्या टप्प्यावर गाडी चालवणं धोक्याचं आहे.

बेअरिंग मरतं कशाने? आपल्याकडचं मोठं कारण खड्डे. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक वेगाने आदळलं, की गोळी कड्यावर इतक्या जोराने दाबली जाते की पोलादावर तिचा ठसा उमटतो. अशा ठशाला ब्रिनेलिंग म्हणतात. स्वीडिश अभियंता योहान आउगुस्ट ब्रिनेल याने १९०० साली धातूचा कठीणपणा मोजण्याची जी रीत मांडली, तीत कठीण गोळी धातूवर दाबून उमटलेला ठसा मोजतात. आपलं चाक प्रत्येक मोठ्या खड्ड्यात नकळत तीच चाचणी बेअरिंगवर घेत असतं. गंमत म्हणजे धक्का न बसताही असे ठसे पडू शकतात. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेल्वेने दूरवर पाठवलेल्या कोऱ्या मोटारींची चाकं उतरवल्याबरोबर आवाज करू लागली होती. जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेन यांनी १९३७ मध्ये याचा उलगडा केला. चाकं फिरत नव्हती, पण डब्याच्या हादऱ्यांनी गोळ्या एकाच जागी कणाकणाने घासत होत्या, मधलं ग्रीस बाजूला सरलं होतं आणि पोलाद पोलादाला लागत होतं. दुसरं कारण पाणी. सील फाटलं आणि गाडी पावसाळ्यात दांड्यापर्यंतच्या पाण्यातून गेली, की ग्रीसमध्ये पाणी शिरतं. दोन-तीन महिन्यांनी, पाऊस विसरून गेल्यावर, घरघर सुरू होते. तिसरं कारण मात्र टाळता येण्याजोगं आहे: आधीचं बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवलेलं असणं. अनेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकात बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवावं लागतं आणि त्याला हायड्रॉलिक प्रेसच हवा. हातोड्याचा प्रत्येक घाव गोळ्यांतून जातो. असं नवं बेअरिंग बसवतानाच निम्मं आयुष्य गमावून बसतं. गॅरेजमध्ये प्रेस आहे का, हे कामाआधी विचारायला संकोच करू नये.

आता टायरकडे. टायरची झीज म्हणजे चाक रस्त्यावर कसं उभं आहे आणि कसं चालतं याची नोंद असते. ती वाचायला डोळ्यांपेक्षा हात जास्त कामाचा. तळवा टायरच्या रुंदीवरून आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो चुकलेला आहे. टो म्हणजे वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची तोंडं सरळ आहेत, आत वळलेली आहेत की बाहेर. आतून बाहेर हात नेताना धार लागली तर चाकं आत वळलेली, बाहेरून आत येताना लागली तर बाहेर वळलेली.

टो किती चुकला तर टायर खाल्ला जातो? एक चाक अर्ध्या अंशाने वाकडं आहे असं धरू. १७५/६५ आर १४ च्या बाबतीत याचा अर्थ टायरची पुढची कड मागच्या कडेपेक्षा जेमतेम ५ मिलिमीटर इकडे किंवा तिकडे. उभ्या गाडीकडे पाहून ते ओळखणं कठीणच. पण अशा चाकाची वळायची दिशा एक आणि जायची दिशा दुसरी, म्हणून प्रत्येक किलोमीटरमागे ते सुमारे पावणेनऊ मीटर आडवं घासत जातं. दहा हजार किलोमीटरमध्ये हे घासणं ८७ किलोमीटर भरतं. चाळीस हजार चालायचा टायर पंधरा हजारांत का संपतो, याचं उत्तर या आकड्यात आहे.

कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर झुकलेला असणं. झुकाव जास्त असेल तर टायरची एकच कड झिजते, पण स्पर्श गुळगुळीत राहतो, करवत लागत नाही. एकटा कॅम्बर टायर हळूहळू खातो. जोडीला टो चुकलेला असेल तर झपाट्याने. यातली सर्वांत घातक झीज आतल्या कडेची, कारण ती दिसतच नाही. बाहेरून पाहिलं तर नक्षी भरपूर, आणि आतल्या बाजूला तारा बाहेर आलेल्या. पुढच्या चाकांचं स्टेअरिंग एका टोकापर्यंत वळवून आतली कड पाहता येते. मागच्या चाकांसाठी मोबाइल हातात धरून चाकामागे नेऊन फोटो काढावा. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी हा एक फोटो प्रत्येकाने काढावा असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला भाग उंच असेल तर हवा कमी राहिली. मधला भाग झिजलेला असेल तर जास्त, असं पुस्तकं सांगतात; पोलादी पट्ट्यांच्या आजच्या रेडियल टायरमध्ये ही दुसरी खूण पूर्वीइतकी ठळक उमटत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यातला आकडा थंड टायरसाठी असतो. पेट्रोल पंपावर दहा किलोमीटर चालवून गरम झालेल्या टायरची हवा तक्त्याशी जुळवायला म्हणून काढून टाकू नये.

आणि मग त्या लाटा, ज्यांच्यापासून घरघर येते. टायरच्या घेरावरून, फिरण्याच्या दिशेने, हात नेला की उंच-सखल-उंच असं लागतं. बहुतेक वेळा हे काम थकलेल्या शॉकअपचं असतं. चाक उसळल्यावर त्याला दाबून धरणारं कुणी नसल्याने ते रस्त्यावर उड्या मारत चालतं, जिथे आपटतं तिथे रबर जास्त खरवडलं जातं. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला तर शंका उरत नाही. दुसरं कारण बिघडलेलं बॅलन्सिंग. रिमच्या कडेला २० ग्रॅमचा असमतोल ही किरकोळ गोष्ट वाटते. ताशी १०० च्या वेगाला तो चाकाला सेकंदाला पंधरा वेळा, सव्वातीन किलो वजनाइतक्या जोराने, खेचत असतो. ताशी ५० ला हा जोर एक चतुर्थांशच असतो. म्हणूनच स्टेअरिंगची थरथर गावात जाणवत नाही आणि महामार्गावर लागल्यावर हात झिणझिणतात.

बाकीचे आवाज त्यामानाने प्रामाणिक असतात. गाडी वळवून स्टेअरिंग पूर्ण मारल्यावर कट-कट-कट वाजलं तर एक्सलचा जॉइंट. बहुधा त्याचं रबरी बूट फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. वेगाबरोबर वाढणारी बारीक टिकटिक म्हणजे नक्षीत अडकलेला खडा किंवा खिळा. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्कश खरखर सुरू झाली तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मध्ये खडी अडकली असण्याची शक्यता मोठी. कोकणात पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज धरतो. पहिल्या चार-पाच ब्रेकांत तो खरडून निघतो आणि आवाज थांबतो, त्याची काळजी नको. ब्रेक दाबताना येणारी तीक्ष्ण किंचाळी मात्र पॅड संपत आल्याची सूचना असते. ताशी वीस-तीसला धप-धप आणि सोबत स्टेअरिंग डुलणं, हे दोन्ही एकत्र आलं तर गाडी तिथेच थांबवावी. आतल्या पट्ट्या सुटून टायर फुगला असेल किंवा चाकाचे नट सैल असतील, आणि या दोन्हींत ‘घरापर्यंत नेऊ’ असा विचार करायला जागा नाही.

अलाइनमेंटबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे अखंड पिळाचा दांडा असतो. अशा गाडीत सहसा जुळवता येतो तो पुढचा टो, टाय रॉड फिरवून. अनेक गाड्यांत कॅम्बर जुळवायला काही सोयच दिलेली नसते. त्यामुळे छापील कागदावर एका चाकाचा कॅम्बर लाल अक्षरांत आला, तर यंत्र आपल्याला सांगत असतं की काहीतरी वाकलं किंवा झिजलं आहे: लोअर आर्म, त्याचा बुश, स्ट्रट किंवा नकल. तेवढ्यावर ‘टो करून दिलाय साहेब, आता गाडी सरळ जाते’ असं म्हणून काम संपत नाही. फाटलेल्या बुशवर जुळवलेला टो उभ्या गाडीत बरोबर असतो. पहिल्या ब्रेकला आर्म सरकतो आणि टो पुन्हा कुठल्या कुठे जातो. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्यावेत, चारही चाकांचे. दोन वेळचे कागद जवळ असले, की सहा महिन्यांत काय हललं ते ताडून पाहता येतं.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला असावा. आधी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि शॉकअप. मग बेअरिंग, लागत असेल तर. त्यानंतर टायर आणि बॅलन्सिंग. अलाइनमेंट सर्वांत शेवटी. नवे टायर दोनच घेतले तर ते मागे टाकावेत, गाडी पुढच्या चाकांनी चालणारी असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं सर्वसाधारण चालकाच्या हाताबाहेरचं असतं.

इतकं सगळं नीट करूनही घरघर ऐकू आली तर लगेच गॅरेजला बोल लावू नये. शॉकअप नवे झाले, टो बरोबर झाला, तरी टायरवर आधी पडलेल्या लाटा तशाच असतात आणि आवाज त्यांचा असतो. नक्षी पुरेशी शिल्लक असेल तर ते टायर मागे टाकून दोन-तीन हजार किलोमीटर चालवावेत; काहींच्या लाटा या काळात घासून बऱ्याच सपाट होतात. नक्षीच्या खाचेत आडवी छोटी पट्टी असते, १.६ मिलिमीटर उंचीची. टायरच्या बाजूवर त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं जिथे असतात त्याच्या समोर ती सापडते. रबर झिजून त्या पट्टीच्या पातळीला आलं असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही, आणि पावसाळा तोंडावर असेल तर पट्टीला टेकण्याआधीच टायर बदललेले बरे.